डेबी ॲलन: नाच, अभिनय, कोरिओग्राफी आणि दिग्दर्शन, एकाच बाईनं सगळं कसं केलं? (भाचीसाठी विचारतेय)

गोदाकाठची, नाशिक

नमस्कार मंडळी, इथे नाटकवाले आणि नृत्यवाले दोघंही असतात म्हणून हा धागा काढतेय. माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, एफवायला आहे, लहानपणापासून कथक करते, मध्यमा परीक्षा झालीये आणि त्यापुढच्या विशारदची तयारी चालू होती. शाळेत असल्यापासून बालनाट्यंही केली, मागच्या वर्षी कॉलेजच्या एकांकिकेत काम केलं आणि त्यातला नाच आणि गर्दीचे प्रसंग तिनेच बसवले. दिवाळीनंतर मुंबईतल्या एका ग्रुपच्या निवडीला गेली होती, तिथे तिचं नाचून झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की तयारी चांगली आहे पण तुझा बांधा नाचाचा नाही. तेव्हापासून घुंगरू कपाटात आहेत. भावोजींचं म्हणणं की बरं झालं, आता काहीतरी एक धर आणि तेच नीट कर. बहीण काही बोलत नाही. पोरगी मला म्हणते, मावशी मला नाटक बसवायचंय, पण नाचणाऱ्या मुलीच्या हातात नाटक देतं कोण?

आता मूळ मुद्दा. मी ग्रेज ॲनाटॉमी बघते, त्यात कॅथरीन नावाची मोठी सर्जन आहे ना, ते काम करणारी डेबी ॲलन. कितीतरी एपिसोडना दिग्दर्शक म्हणूनही तिचंच नाव येतं म्हणून कुतूहलाने शोधलं तर कळलं की बाई मूळची डान्सर! जन्म १९५० चा, अमेरिकेत ह्यूस्टनचा. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, नाचली, टीव्हीवर गाजली, ऑस्कर सोहळ्याचे नाच बसवले, नाटकं दिग्दर्शित केली, स्वतःची नृत्यशाळा काढली. आणि तिलाही कुणीतरी सांगितलं होतं की तुझं शरीर बॅलेला योग्य नाही! हे वाचलं आणि मला भाचीच दिसायला लागली.

तर ज्यांना तिच्याबद्दल माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा, विशेषतः नाचाकडून दिग्दर्शनाकडे ती गेली कशी. नाच सोडून गेली का नाचामुळे गेली? भाचीला वाचायला देणार आहे.

---

पंचवटीचा प्रेक्षक

ताई, चांगला धागा काढलात. मला ही बाई फार आवडते त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तिचं घर समजून घ्यायला पाहिजे. आई विवियन एअर्स कवयित्री, पुलित्झरसाठी नामांकन मिळालेली, वडील दातांचे डॉक्टर. मोठी बहीण फिलिशिया रशाद, तीही मोठी अभिनेत्री. म्हणजे घरात पुस्तकं, कविता, सगळं होतं, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की टेक्सासमध्ये तेव्हा काळ्या-गोऱ्यांसाठी सगळं वेगळं, शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. आईने काय केलं माहितीये, मुलांना घेऊन काही काळ सरळ मेक्सिकोत जाऊन राहिली, का तर पोरांना एकदा तरी कळू दे की कातडीच्या रंगावरून रोजचा दिवस ठरत नाही असंही जग असतं. डेबी तिथे स्पॅनिश शिकली, नाच शिकली. मला या सगळ्या गोष्टीत ती आईच सगळ्यात मोठी वाटते.

परत आल्यावर ह्यूस्टन बॅलेच्या शाळेत प्रवेश हवा होता तर तो रंगामुळे नाकारला. पुढे तिथल्याच एका रशियन शिक्षकांनी तिचं नाचणं पाहिलं आणि गुपचूप नाव घालून घेतलं, आणि वरच्यांना कळेपर्यंत पोरगी इतकी पुढे गेली होती की काढून टाकायचं कुणाला जमलं नाही. मग सोळाव्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना स्कूल ऑफ द आर्ट्सची ऑडिशन. तिथला प्रकार तर फारच जिव्हारी लागणारा आहे, कारण बाकीच्या मुलामुलींना नाचून दाखवायला तिलाच पुढे उभं केलं होतं आणि नंतर तिलाच नकार, कारण काय तर शरीर बॅलेला योग्य नाही. ज्या शरीराने इतरांना धडा दाखवला तेच शरीर अयोग्य!

त्यानंतर तिने नाच खरंच बाजूला ठेवला होता हे भाचीला नक्की सांगा. अभ्यासाकडे वळली, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली, तिथे ग्रीक साहित्य आणि नाटक शिकली आणि १९७१ मध्ये चांगल्या मार्कांनी पदवी घेतली. तिथेच माइक मलोन नावाच्या कोरिओग्राफरने तिला पुन्हा नाचाकडे ओढलं. तिकडे दिग्दर्शक म्हणून ती जी संहिता उलगडते ना, त्याचं मूळ या ग्रीक नाटकांच्या अभ्यासात आहे असं माझं मत. नाच बंद असलेली ती वर्षं वाया गेली नाहीत.

---

विंगेतला

पंचवटीकरांनी पाया छान घातलाय, मी पुढचं सांगतो. मी राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं नाटकं बसवतोय त्यामुळे "नाचाकडून दिग्दर्शनाकडे कशी गेली" हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

कॉलेजनंतर ती न्यूयॉर्कला आली, आधी ब्रॉडवेच्या पर्ली या संगीत नाटकात कोरसमध्ये, म्हणजे समूहात, मग १९७३ मध्ये रेझिन या नाटकात बेनिथाची भूमिका, आणि १९८० मध्ये वेस्ट साइड स्टोरीमध्ये अनिता. अनितासाठी टोनीचं, म्हणजे ब्रॉडवेच्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराचं, नामांकन आणि ड्रामा डेस्क पुरस्कार. पुढे १९८६ मध्ये स्वीट चॅरिटीमध्ये मुख्य भूमिका आणि पुन्हा टोनी नामांकन. आता यातली गंमत बघा, वेस्ट साइड स्टोरीचा तो प्रयोग बसवला जेरोम रॉबिन्सने आणि स्वीट चॅरिटी बसवलं बॉब फॉसीने. दोघंही मुळात डान्सर, मग कोरिओग्राफर, मग दिग्दर्शक. म्हणजे नाचणाऱ्याने अख्खं नाटक बसवणं हे तिकडे नवीन नव्हतं, ती अशा दोन लोकांच्या हाताखाली रोज तालमीत घाम गाळत होती आणि ते माणसं कशी हलवतात, प्रकाश कुठे मागतात, नट अडला की काय बोलतात ते डोळ्यासमोर बघत होती. फक्त ते दोघंही गोरे आणि पुरुष होते. काळ्या बाईला ती खुर्ची मिळायला बराच वेळ लागला.

खुर्ची मिळाली ती टीव्हीमुळे. फेम सिनेमात १९८० ला तिला अगदी छोटं काम होतं, पण १९८२ मध्ये त्यावरून मालिका आली आणि त्यात ती नृत्यशिक्षिका लिडिया ग्रँट झाली आणि नाच बसवायची जबाबदारीही तिचीच. आता विचार करा, मालिकेसाठी सतत नवा नाच बसवायचा, तो पोरांकडून करून घ्यायचा, कॅमेऱ्यातून कसा दिसतो ते बघायचं आणि परत मेकअप करून त्याच प्रसंगात स्वतः काम करायचं. १९८२ आणि १९८३, लागोपाठ दोन्ही वर्षी कोरिओग्राफीची एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाली, अभिनयासाठी गोल्डन ग्लोबही मिळाला. आणि याच मालिकेचे एपिसोड तिने दिग्दर्शित करायला घेतले. सेटवर सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणारी बाई होती, तिला सगळ्यांची कामं पाठ झाली.

ताई, तुमच्या भाचीसाठी एक सांगतो. आमच्या एका नाटकात दंगलीचा प्रसंग होता, साईखेडकर नाट्यगृहात रंगीत तालीम चालू, दोन्ही विंगेतून पोरं धावत यायची आणि मधे येऊन एकमेकांवर आदळायची, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. ग्रुपमध्ये कथक करणारी एक मुलगी होती, तिला दोन वाक्यांचं काम. ती पुढे आली आणि म्हणाली सर, सगळे समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, निघतायत म्हणून आदळतायत, डावीकडच्यांना समेवर सोडा आणि उजवीकडच्यांना पाचव्या मात्रेवर. तिने हाताने ठेका धरला, तोंडाने मोजलं, आणि पुढच्याच वेळी प्रसंग असा उभा राहिला की बॅकस्टेजची माणसं बघायला आली. मी इतकी वर्षं ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभं राहील ते ठरवणं, करतोय, मला ते दिसलं नव्हतं. नाचणाऱ्याला रिकामी जागा आधी दिसते, माणूस नंतर. दिग्दर्शनाचं निम्मं काम तेच आहे.

तेव्हा "नाच सोडून गेली का नाचामुळे गेली" याचं माझं उत्तर, नाचामुळेच.

---

सिडकोचा संतोष

वाचायला भारी वाटतंय पण एक विचारतो, राग मानू नका. तिकडे ब्रॉडवे आहे, टीव्हीवाले आहेत, नाचाचे पैसे मिळतात. इथे हौशी नाटकाला स्वतःच्या खिशातून प्रवासखर्च करावा लागतो, हॉल मिळत नाही, तालमीला कुणाच्या तरी गच्चीवर जायचं. भावोजींचं म्हणणं अगदीच चूक आहे का? मी स्वतः नाटक सोडून नोकरी धरली, अंबडला कंपनीत आहे, घर चालतंय. पोरीला स्वप्न दाखवताना हे पण सांगा.

---

विंगेतला

संतोषभाऊ, राग कशाला, खरंच आहे तुमचं. पैशाचं कुणी खोटं सांगू नये. पण तिच्याकडेही सगळं सरळ गेलं नाही. १९८८ चं उदाहरण देतो. कॅरी नावाचं मोठं म्युझिकल ब्रॉडवेवर आलं, कोरिओग्राफी डेबी ॲलनची, लाखो डॉलर लागलेले, आणि अधिकृत उद्घाटनानंतर फक्त ५ प्रयोग होऊन बंद! ब्रॉडवेच्या इतिहासात पडलेल्या नाटकांचा विषय निघाला की आजही कॅरीचं नाव आधी येतं. माणूस वर्षभर तोंड लपवून बसला असता.

आणि त्याच वर्षी तिने अ डिफरंट वर्ल्ड हातात घेतली. कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजवरची मालिका, पहिलं वर्ष लोक बघत होते पण जीव नव्हता, कॉलेज कॉलेजसारखं वाटतच नव्हतं. ही आली निर्माती-दिग्दर्शक म्हणून, आणि हिला हॉवर्डमुळे ते जग आतून माहीत, हॉस्टेल, मेस, वर्गातली भांडणं, घरून आलेले कमी पैसे. लेखकांना घेऊन गेली अटलांटाच्या खऱ्या कॉलेजांमध्ये, पोरांशी बोला म्हणाली. मग त्यात वर्णभेद आला, १९९१ मध्ये एड्सवरचा एपिसोड आला, ज्या काळात टीव्हीवाले त्या शब्दाला घाबरायचे. १९९३ पर्यंत मालिका चालली आणि त्यातले निम्म्याहून जास्त एपिसोड तिने स्वतः दिग्दर्शित केले. मला विचाराल तर ऑस्कर सोहळ्यापेक्षा आणि एमीपेक्षा हे काम मोठं आहे. ज्यांच्या गोष्टी कुणी नीट सांगत नव्हतं त्यांच्या तिने नीट सांगितल्या.

---

घुंगरूताई

मी गंगापूर रोडला कथकचा क्लास घेते. वरचं सगळं वाचलं, पटलंही, पण मला एक काळजी वाटतेय ती बोलून दाखवते.

गोदाकाठची ताई, "बांधा नाचाचा नाही" हे ऐकून मुलगी दिग्दर्शनाकडे निघालीये. तिला दिग्दर्शन आवडत असेल तर जरूर करू दे, पण नाचात जमलं नाही म्हणून दिग्दर्शन असं करू देऊ नका. ते वाक्य खरं आहे असं तिने एकदा मनात धरलं तर पुढे कुठेही गेली तरी ते तिच्याबरोबर येईल. कथकमध्ये बांधा कोण बघतं हो? तयारी बघतात, लय बघतात, चेहऱ्यावर भाव येतो का बघतात. माझ्याकडे सगळ्या अंगाच्या मुली आहेत, एकीचा तत्कार, म्हणजे पायाचं काम, लागला की बाकीच्या आपला रियाज थांबवून ऐकतात, आणि ती मुलगी कुठल्याही निवडसमितीच्या मापात बसणार नाही.

कॉलेजात पुन्हा नाचायला लागल्यावर डेबी ॲलनने नाच कधीच सोडला नाही, हे या सगळ्यात महत्त्वाचं आहे. ऑस्कर सोहळ्याची कोरिओग्राफी १० वेळा केली. आणि २००१ मध्ये लॉस एंजेलिसला नवरा नॉर्म निक्सनबरोबर स्वतःची डान्स अकादमी काढली, तो बास्केटबॉलचा नावाजलेला खेळाडू. तिथे कुठल्याही रंगाची, कुठल्याही अंगाची, पैसे असलेली नसलेली मुलं शिकतात. नटक्रॅकर हा बॅलेचा नाताळातला ठरलेला प्रयोग, तो तिने आपल्या पद्धतीने हॉट चॉकलेट नटक्रॅकर म्हणून बांधला, त्यात बॅलेबरोबर हिप-हॉप आहे, टॅप आहे, आणि बॉलिवूडचा नाच पण आहे. त्याच्या तालमींवर २०२० मध्ये एक माहितीपट आला, नेटफ्लिक्सवर, तो भाचीला दाखवाच. त्यात ती मुलांवर ओरडते, जवळ घेते, थकलेली असते तरी मोजणं थांबवत नाही. मी तो पाहिला तेव्हा माझ्या मोठ्या बॅचला पण दाखवला.

लॉकडाऊन लागला तेव्हा तर मोबाइलवरून लाइव्ह क्लास घेत होती, जगभरातले लोक घरातल्या घरात तिच्याबरोबर नाचत होते. सत्तरीत!

आणि भावोजींशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा की तिला विशारद पूर्ण करू द्याल का. पदवीबरोबर होते ती, काही अडत नाही.

---

पंचवटीचा प्रेक्षक

घुंगरूताई, शंभर टक्के. आणि एक नाव जोडतो, कारण डेबी ॲलन काही एकटी उगवली नाही. तिच्या आधी कॅथरीन डनहम होती, तीही कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तिका. जन्म १९०९, शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकली आणि १९३५ मध्ये कॅरिबियन बेटांवर गेली, हैतीला विशेषकरून, तिथले नाच नुसते बघितले नाहीत तर त्या लोकांमध्ये राहून ते कशासाठी नाचतात हे समजून घेतलं. परत येऊन त्यातून स्वतःचं तंत्र बांधलं, आजही ते डनहम तंत्र म्हणून शिकवतात. स्वतःची कंपनी घेऊन जगभर फिरली, सिनेमात दिसली, न्यूयॉर्कला शाळा काढली, १९६३ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या आयडाची कोरिओग्राफी केली. १९४४ मध्ये लुइव्हिलला प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना रंगमंचावरून सांगितलं की जोवर आमच्या लोकांना तुमच्या शेजारी बसू देत नाही तोवर मी इथे परत नाचणार नाही. आणि वयाच्या ८२ व्या वर्षी, १९९२ मध्ये, हैतीच्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवत होती म्हणून ४७ दिवस उपोषण केलं. नाचणारी बाई, म्हातारपणी, ४७ दिवस. मी हे सांगताना अजूनही माझ्या अंगावर येतं.

ही वाट आधी कुणीतरी मळवलेली असते. आपल्याकडेही पुण्यात रोहिणीताई भाटे होत्याच की, नृत्य करणाऱ्या, रचना करणाऱ्या, लिहिणाऱ्या, विद्यार्थिनी घडवणाऱ्या. विजयाबाई मेहता नटी आणि दिग्दर्शक दोन्ही. एकच काहीतरी धर असं त्यांना पण कुणीतरी म्हणालं असणार.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, डोळ्यात पाणी आलं खरं सांगते. काल भाचीला घरी बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. नॉर्थ कॅरोलायनाचा प्रसंग आला तेव्हा तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचायला लागली, विंगेतला यांची समेवरची गोष्ट दोनदा वाचली. संतोषभाऊ, तुमचं पण वाचलं तिने, आणि म्हणाली हे काका बरोबर बोलतायत, मी पदवी सोडणार नाही. भावोजींना विशारदचं विचारलं, ते हो म्हणाले नाहीत पण नाही पण म्हणाले नाहीत, आमच्याकडे याला होकार धरतात.

तिचे दोन प्रश्न आहेत. एक, डेबी ॲलनने नाच नसलेलं, नुसतं संवादांचं नाटक कधी बसवलंय का? कारण तिला तसं करायचंय आणि लोक तिला फक्त नाच बसवायला बोलावतात. दुसरा, सुरुवात कुठून करायची?

---

विंगेतला

पहिल्याचं उत्तर, हो, आणि काय नाटक! २००८ मध्ये ब्रॉडवेवर टेनेसी विल्यम्सचं कॅट ऑन अ हॉट टिन रूफ. यात नाच नाही, एक श्रीमंत शेतमालक मरायला टेकलाय आणि घरातले लोक एकमेकांशी आणि स्वतःशी खोटं बोलतायत, बस्स, खोली आणि माणसं. मूळचं नाटक गोऱ्या कुटुंबाचं, हिने सगळे कृष्णवर्णीय नट घेतले. म्हातारा जेम्स अर्ल जोन्स, त्याची बायको हिची सख्खी बहीण फिलिशिया रशाद. ब्रॉडवेवर दिग्दर्शक म्हणून हे तिचं पहिलं नाटक, आणि तेव्हा ती ५८ वर्षांची होती. कोरसमध्ये नाचायला आली त्यानंतर किती वर्षांनी ते मोजा. पुढच्या वर्षी तेच लंडनला नेलं आणि तिथे सर्वोत्तम पुनरुज्जीवित नाटकाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये तिला मानद ऑस्करही मिळालं. म्हणजे "तू फक्त नाच बसव" म्हणणारे तिलाही भेटले असणार, पण ती नाच बसवायला जायची आणि येताना बाकीचं सगळं शिकून यायची.

दुसऱ्याचं उत्तर. जिथे नाच बसवायला बोलावतायत तिथे जा, नाही म्हणू नकोस. पण नाचाची तालीम झाली की घरी पळू नकोस. पूर्ण तालीम बस, दिग्दर्शकाच्या मागच्या रांगेत, वही घेऊन. कोण कुठल्या वाक्याला कुठे उभं आहे ते चौकोन काढून लिही, पुढच्या तालमीत बदललं तर खोडून परत लिही, आणि का बदललं ते बाजूला लिही. प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं सांगायला, कुणी तयार नसतं, ते तू घे, त्याने अख्खी संहिता पाठ होते. मग एक छोटी दोन पात्रांची एकांकिका निवड, नेपथ्य नको, दोन खुर्च्या पुरे.

आमचं यंदाचं नाटक आत्ता वाचनाला लागलंय, मला साहाय्यक हवाच आहे. त्यात एकही नाच नाही. ताई, तुमचं आणि तिच्या आईचं चालत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, पहिल्या दिवशी तुम्ही पण या तिच्याबरोबर, माणसं बघून घ्या. तालीम संध्याकाळी सातला सुरू होते आणि साडेनऊला मी स्वतः सगळ्या मुलींना रिक्षात बसवून देतो.

---

घुंगरूताई

आणि सकाळी रियाज. सातच्या तालमीची सबब चालणार नाही असं सांगा तिला माझ्याकडून.